चांगलं म्हणजे काय

सप्टेंबरच्या तापात एलिहियाची चव गेली.
वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल.
कधी, ते नाही म्हणाले.
आता जानेवारी. ओशकुत्सकाबच्या बाजारात नारिंगांचे ढीग,
ट्रकमधून उतरवताना फुटलेल्या फळांचा वास
माझ्या दुकानात शिरतो, पंक्चरच्या सोल्यूशनला दाबून टाकतो,
आणि ती त्या वासातून चालत येते
कोरडी,
एक थेंबही अंगाला न लागता.

रविवारची कोशिंबीर मात्र चुकत नाही.
काकडी, संत्र्याच्या फोडी, हिकामाचा पांढरा कंद,
दाताखाली कर्रकन मोडणारा (तेवढं तिला ऐकू येतं),
आणि वरून ओतायचा तो रस:
चार नारिंगं, मीठ, जांभळा कांदा बारीक चिरून,
तव्यावर काळा पडेपर्यंत भाजलेला एक हाबानेरो.
मिरची तव्यावर पडली की सगळं घर खोकतं,
शेजारची टर्कीसुद्धा.
एलिहिया खोकता खोकता हसते,
"घशाला कळलं. नाकालाच कुणी कळवलं नाही."

जाळ तेवढा उरलाय तिला.
जाळ म्हणजे चव नव्हे, ती म्हणते,
दार वाजतं,
बाहेर कोण आहे ते कळत नाही.

म्हणून चमचा आता माझ्याकडे येतो.
"मग?"
"चांगलं आहे."
"चांगलं म्हणजे काय?"
एकतीस वर्षं मी या घरात
चांगलं आहे म्हणून जेवलो.
पुढचा प्रश्न कधी आलाच नव्हता.

मला शब्द येत नाहीत. मला सायकली येतात.
म्हणालो, आंबट आधी येतं,
उतारावर ब्रेक तुटल्यासारखं.
मग मीठ त्याला धरतं, पण अर्धवट,
एकाच बाजूचं रबर घासतंय.
तिने चिमूट टाकली. "आता?"
आता चाक सरळ फिरतंय. थोडं तुरट राहतं मागे,
हाताला वंगण राहतं तसं, साबण लावल्यावरही.
"आणि तिखट?"
तिखट उशिरा येतं.
आपण घरी पोचलो असं वाटतं,
आणि मागून कुणीतरी घंटी वाजवतं.

एकदा खोटं बोललो.
मीठ टाकायचंच विसरली होती, दमली होती,
म्हटलं कशाला उगाच. बरोबर आहे, म्हणालो.
तिने ते तसंच पाहुण्यांपुढे ठेवलं
आणि तिच्या बहिणीने, फाउस्टाने, मीठदाणी मागितली.
त्या रात्री एलिहिया झोळीत पाठ करून झोपली.
सकाळी एवढंच विचारलं:
"वाकड्या चाकाची सायकल
तू गिऱ्हाइकाच्या हातात देतोस का?"

तेव्हापासून मी नीट चाखतो.
दुकानातसुद्धा, डब्यातला घास तोंडात घोळवत
स्वतःशीच पुटपुटतो. पोरगा उरिएल बघतो,
मालक प्रार्थना करतायत असं समजून
पंप हळू मारतो.

गेल्या रविवारी पिळायला मी बसलो.
तीन फळं रसाळ निघाली.
चौथं नुसत्या बियांचं, हट्टी,
त्याला मी पान्याच्या हाताने आवळलं,
सालीतलं तेल चिळकांडीने उडालं.
कडवटपणा उतरणार, मला कळलं होतं.
बोललो नाही. पाहू म्हटलं.

तिने बोट बुडवलं. जिभेवर ठेवलं.
बराच वेळ तव्याकडे बघत बसली.
मग म्हणाली,
"शेवटचं फार पिळलंस."

तिला लागलं ते?
की माझ्या मनगटाची शीर दिसली होती,
की साल चुरगळतानाचा आवाज?
मी विचारलं नाही.
अर्धा रस ओतून दिला, टोपलीतलं आणखी एक नारिंग घेतलं,
कापलं,
आणि हलक्या हाताने, अगदी हलक्या,
वाडग्यावर धरलं.
थेंब पडत होते.
ती मान थोडी कलती करून ऐकत होती,
किंवा हुंगत होती.